जुन्या ओपनएसएसएलच्या मशीनवर नवं पायथन कसं बांधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंधेरीच्या ऑफिसातून तुम्ही महापेच्या डेटा सेंटरमधला एक सेंटओएस ७ चा (जुन्या लिनक्सचा) सर्व्हर सांभाळता. त्यावर गोदामाचं जे सॉफ्टवेअर चालतं ते विक्रेता इतक्यात दुसऱ्या सिस्टिमवर हलवून देणार नाही. त्याच मशीनवर तुम्हाला पायथन ३.११ हवंय. सोर्स उतरवला, कॉन्फिगर केलं (मशीनवर काय आहे ते तपासणं), मेक केलं (प्रत्यक्ष बांधणी), सगळं बिनतक्रार पार पडलं आणि पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, चालवल्यावर तो म्हणाला, पायथनमध्ये एसएसएल मॉड्यूलच नाही. यमला, म्हणजे सिस्टिमची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामला, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची सामायिक लायब्ररी) अपडेट करायला सांगितलं तर तो म्हणतो, करण्यासारखं काही नाही. आता तुम्ही विचारताय, की जुनं ओपनएसएसएल काढून त्याच जागी नवं टाकलं तर चालेल का?

नाही चालणार. बाकी काय वाटेल ते करून बघा, पण हे करू नका.

कमांड मी फोनवर सांगाव्यात तशा, उच्चारल्या तशा लिहितोय. कॉपी-पेस्ट होणार नाहीत याची कल्पना आहे. या बाबतीत ते बरंच आहे; मशीन बंद पाडणाऱ्या बहुतेक मंडळींनी कुठूनतरी उचललेल्या चार ओळी न वाचता रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चिकटवलेल्या असतात. मीही त्यांतलाच.

२०१७ सालची गोष्ट. सेंटओएस ७ मध्ये तेव्हा ओपनएसएसएल १.०.१ होतं. आम्हाला एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर एचटीटीपी-२ हवं होतं. त्यासाठी ब्राउझरला एएलपीएन (एचटीटीपीची आवृत्ती ठरवायची सोय) लागायचं, आणि ते १.०.१ मध्ये नव्हतं. मी शहाणपणा केला. ओपनएसएसएल १.१.० घरीच बांधलं आणि सिस्टिमच्या लिब-६४ फोल्डरमधल्या लिबएसएसएल-डॉट-एसओ-डॉट-१० आणि लिबक्रिप्टो-डॉट-एसओ-डॉट-१० या दोन लिंका नव्या फायलींकडे वळवल्या. हे सगळं रात्रीच्या कल्याण फास्टमध्ये, मांडीवर लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट. खिडकी मिळाली होती त्या आनंदात. ठाणं सुटलं, गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, रेंज गेली, सेशन तुटलं. बोगद्याबाहेर आल्यावर पुन्हा एसएसएच (दुरून लॉगिन) केलं तर कनेक्शन लागून लगेच बंद.

झालं होतं असं. एसएसएचचा डीमन (मागे सतत चालू असलेली सेवा) नवीन जोडणी आली की स्वतःलाच पुन्हा नव्यानं चालू करतो, आणि चालू होताना लायब्ररी पुन्हा लोड करतो. आधीचं सेशन जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसलेलं असतं, म्हणून ते शेवटपर्यंत व्यवस्थित चालतं आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल आहे. नव्या जोडणीला मात्र नवी फाइल मिळते. त्या फाइलमध्ये जुन्या नावाचं व्हर्जन नसतं, आणि डीमन सुरू होण्याआधीच मरतो. ते एक सेशन जिवंत असतं तर बॅश (शेल) आणि एलएन (लिंक बनवणारी कमांड) या दोघांचा लिबक्रिप्टोशी काही संबंध नाही, लिंका परत वळवून मी मोकळा झालो असतो. बोगद्यानं ते नेलं. डोंबिवलीला उतरून, घरी न जाता टॅक्सी करून शिळफाट्यावरून महापे. गेटवर पासासाठी अर्धा तास. मग थंडगार रांगेत ट्रॉलीवरचा मॉनिटर ओढत नेऊन रॅकला लावला, कन्सोलवरून लॉगिन झालं. दोन लिंका उडवल्या, एलडीकॉन्फिग चालवलं. मूळ फायलींच्या पोटात त्यांचं खरं नाव लिहिलेलं असतंच, त्यावरून त्यानं लिंका परत जागच्या जागी बनवल्या. काम दोन मिनिटांचं, रात्र गेली.

म्हणून सांगतो, सिस्टिमचं ओपनएसएसएल ही चाळीच्या गच्चीवरची सामायिक टाकी आहे. एसएसएच तिच्यावर, फायली उतरवणारं डब्ल्यूगेट तिच्यावर, सिस्टिमचं पायथन २.७ हॅश काढायला तिच्यावर, आणि यम त्या पायथनवर. तुमच्या विक्रेत्याचं सॉफ्टवेअरही बहुधा तिच्यावरच असणार. तुमच्या खोलीत पाण्याला जोर नाही म्हणून टाकी फोडायची नसते. स्वतःची वेगळी टाकी माळ्यावर बसवायची आणि आपल्या नळाला फक्त तीच जोडायची. आरपीएमला (यमच्या खालच्या पॅकेज साधनाला) नोडेप्स, म्हणजे ‘कोण अवलंबून आहे ते बघू नको’, हा पर्याय देऊन ओपनएसएसएल-लिब्स काढून टाकणारा सल्ला कुणी दिला तर त्याला विचारा, की ते परत बसवायला लागणारं यम तेव्हा कशावर चालणार आहे?

आता पायथनला हे जुनं चालत का नाही ते बघू. पायथन ३.१० पासून किमान ओपनएसएसएल १.१.१ लागतं. पेप ६४४ या पायथनच्या प्रस्तावात हे ठरलं आणि ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. सेंटओएस ७ मध्ये शेवटपर्यंत १.०.२-के राहिलं. टीएलएस (एचटीटीपीएसमागची एन्क्रिप्शनची पद्धत) १.३ चं मानक, म्हणजे आरएफसी ८४४६, ऑगस्ट २०१८ चं. ते पेलणारं पहिलं ओपनएसएसएल म्हणजे सप्टेंबर २०१८ चं १.१.१. म्हणजे तुमच्या मशीनवरची लायब्ररी आणि तुमचं पायथन यांच्या मधून एक अख्खी पिढी गेली आहे.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण ऑडिटवाले दरवर्षी त्यावरून डोकं खातात. १.०.२-के वर जानेवारी २०१७ ची तारीख छापलेली दिसते, पण याचा अर्थ त्यात २०१७ नंतरची एकही दुरुस्ती नाही असा नाही. रेड हॅट, म्हणजे जिच्या सिस्टिमवरून सेंटओएस ७ बनलं ती कंपनी, जुना आकडा तसाच ठेवून दुरुस्त्या मागे आणून शिवते. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे मोठं भगदाड उघड झालं तेव्हा मूळ प्रकल्पात दुरुस्ती १.०.१-जी मध्ये आली, आणि रेड हॅटच्या मशीनवर दुरुस्तीनंतरही आकडा १.०.१-ई च राहिला. कितीतरी लोकांनी तेव्हा दुरुस्त झालेली मशीनं पुन्हा ‘दुरुस्त’ करायच्या नादात बिघडवली. आरपीएमला त्या पॅकेजचा चेंजलॉग विचारा, कुठल्या सीव्हीईची (क्रमांक दिलेल्या सुरक्षा-दोषाची) दुरुस्ती आत आहे ते ओळीनं छापून देतो. पण मागे आणतात ती दुरुस्ती. नवीन फंक्शनं आणत नाहीत. पायथनला हवी आहेत ती फंक्शनं. त्यामुळे कितीही ठिगळं लावलेलं १.०.२ असलं तरी ३.११ त्याला दारातच थांबवणार. आणि ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा आधारच संपला, तेव्हा आता ठिगळंही येत नाहीत.

पुढचा भाग नीट वाचा, कारण खरा वेळ इथंच जातो. पिपचा तो संदेश म्हणजे ताप आहे. त्यामागे निदान तीन वेगळे आजार असू शकतात, शिवाय एक चौथा, जो त्यांच्यासारखा भासतो. औषध प्रत्येकाचं निराळं.

पहिला आजार: हेडर फायलीच नाहीत. लायब्ररी मशीनवर असते, पण ओपनएसएसएल-डेव्हेल हे पॅकेज नसतं, त्यामुळे कंपायलरला एसएसएल-डॉट-एच सापडत नाही. कॉन्फिगर चालताना ‘चेकिंग फॉर ओपनएसएसएल-एसएसएल-डॉट-एच’ अशा ओळी येतात, त्यांच्यापुढे एकामागून एक ‘नो’ दिसतं.

दुसरा: हेडर आहेत, पण जुने. मग ‘ओपनएसएसएलशी कंपाइल आणि लिंक होतं का’ या ओळीपुढे ‘येस’ येतं, आणि लगेच खाली ‘एसएसएल मॉड्यूलला लागणारी एपीआय आहेत का’ याला ‘नो’. माझा अंदाज तुमचा आजार हाच. पण अंदाजावर औषध घेऊ नका. सोर्सच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग-डॉट-लॉग नावाची फाइल पडलेली असते, ती उघडून त्या ओळीच्या आसपासचा कंपायलरचा आक्रोश वाचा. पाच मिनिटं लागतात.

तिसरा फसवा. कंपाइल झालं, लिंक झालं, पण चालवताना लायब्ररी सापडत नाही. मेकच्या शेवटी एक ओळ येते, की अमुक मॉड्यूल बांधली गेली पण इम्पोर्ट होईनात म्हणून काढून टाकली, आणि यादीत अंडरस्कोर-एसएसएल आणि अंडरस्कोर-हॅशलिब ही जोडी. नवं ओपनएसएसएल वेगळ्या फोल्डरमध्ये बांधूनही ‘तरीही होत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांचं दुखणं इथं असतं. बांधताना पत्ता सांगितला, चालवताना सांगायचा राहिला.

चौथ्यात एसएसएल मॉड्यूल आहे, आकडाही नवा दिसतो, पण कुठल्याही साइटला जोडताना सर्टिफिकेट पडताळणी फसते. पिपचा संदेश इथं वेगळा असतो, पण वैतागलेला माणूस दोन्हींना ‘एसएसएलचा एरर’ म्हणून एकाच पोत्यात घालतो.

मेक या चारांपैकी पहिल्या तिघांतही अडत नाही, ही खरी मेख. एसएसएल हे पायथनच्या लेखी ऐच्छिक मॉड्यूल आहे. ते नाही झालं तरी बाकीचं पायथन उभं राहतं, पिपसुद्धा आतल्या पेटीतून बसतो, आणि तुम्हाला वाटतं झालं. संदेश येतो, पण शंभरेक ओळींच्या तळाशी, आपण चहाला गेलेलो असताना. हॅशलिब चालतंय म्हणूनही भुलू नका. ओपनएसएसएल नसलं तरी एमडी-५ आणि शा-२५६ पायथन स्वतःच्या कोडमधून काढून देतं.

आता बांधणी. आधी रेपॉझिटरी. सेंटओएसची जुनी मिररलिस्ट बंद झाली आहे. यमच्या रेपो फायलींत मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएल व्हॉल्टच्या, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या संग्रहाच्या, पत्त्यावर वळवा. मग जीसीसी हा कंपायलर, मेक, पर्ल आणि पर्लची थोडी मॉड्यूल लागतील. ओपनएसएसएल ३ ची कॉन्फिग पर्लमध्ये लिहिलेली आहे आणि सेंटओएस ७ वर ती हमखास ‘आयपीसी-सीएमडी सापडत नाही’ म्हणून थांबते. पर्ल-आयपीसी-सीएमडी हे पॅकेज टाकलं की पुढे सरकते. पायथनसाठी झेडलिब, लिबएफएफआय, बीझिप-२, रीडलाइन यांची डेव्हेल पॅकेजंही आत्ताच घालून ठेवा. ती राहिली तर दीड तासानं कळतं.

कुठलं ओपनएसएसएल घ्यायचं? १.१.१ चा आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, तेव्हा नव्यानं बांधताना ते घेऊ नये. दीर्घ आधाराची ३.० ही शाखा ७ सप्टेंबर २०२६ पर्यंत, आणि एप्रिल २०२५ मध्ये आलेली ३.५ एप्रिल २०३० पर्यंत. मशीन काही महिन्यांत निवृत्त होणार असेल तर ३.० मुरलेली आहे, तीच घ्या. लांब रेटायचं असेल तर ३.५ पासून सुरुवात करून बघा. खाली मी ३.० धरून लिहितो.

ओपनएसएसएलच्या सोर्समध्ये जाऊन कॉन्फिग चालवायचं आणि त्याला चार गोष्टी सांगायच्या. प्रीफिक्स म्हणजे बसायची जागा, /ऑप्ट/ओपनएसएसएल-३.०. ओपनएसएसएलडिर म्हणजे सर्टिफिकेटांचं घर, त्याच जागेखाली एसएसएल नावाचं फोल्डर. लिबडिर बरोबर लिब. आणि लिंकरला आरपाथ (चालवताना लायब्ररी शोधायचा पत्ता) म्हणून /ऑप्ट/ओपनएसएसएल-३.०/लिब.

यांतलं लिबडिर विसरू नका. ओपनएसएसएल ३ चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर आपणहून लिब-६४ मध्ये जाऊन बसतं, आणि पायथनचं कॉन्फिगर दिलेल्या पत्त्याखाली फक्त लिब या नावानं शोधतं. एका शब्दाचा फरक. पण लक्षणं अगदी दुसऱ्या आजाराची: हेडर नवे सापडतात, लायब्ररी जुनी सापडते किंवा सापडतच नाही, आणि लिंकर अशा फंक्शनांची नावं घेऊन बोंबलतो जी तुम्ही आत्ताच स्वतःच्या हातानं बांधलेली असतात. माझ्या टीममधल्या एका मुलीनं यात पूर्ण शुक्रवार घालवला. तिची चूक नव्हती, १.१.१ च्या काळात जी कृती सगळ्यांना पाठ झाली तीत हे लागत नव्हतं.

मग मेक, मेक टेस्ट, आणि मेक इन्स्टॉल-अंडरस्कोर-एसडब्ल्यू. नुसतं इन्स्टॉल केलं तर मॅन पेजेसचा ढीग बांधत बसतं. मेक टेस्ट टाळू नका असं मी इतर सॉफ्टवेअरच्या बाबतीत म्हणणार नाही, पण एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत न तपासलेली बांधणी सर्व्हरवर ठेवायला माझा हात धजत नाही.

आता पायथन. इथं एक सवय लावून घ्या: जुन्या, एकदा फसलेल्या फोल्डरमध्ये पुन्हा कॉन्फिगर करू नका. टारबॉल (उतरवलेला सोर्सचा गठ्ठा) नव्यानं उलगडा. जुन्या ऑब्जेक्ट फायली तशाच पडून राहतात आणि मग तुम्ही कालच्या भुतांशी भांडत बसता. कॉन्फिगरला प्रीफिक्स /ऑप्ट/पायथन-३.११ द्या, विथ-ओपनएसएसएल बरोबर /ऑप्ट/ओपनएसएसएल-३.० द्या, आणि विथ-ओपनएसएसएल-आरपाथ बरोबर ऑटो. हा शेवटचा पर्याय ३.१० पासून आहे आणि तिसऱ्या आजारावरचं औषध तोच. आरपाथ म्हणजे मॉड्यूलच्या पोटात कोरून ठेवलेला पत्ता: लायब्ररी शोधायला आधी इथं जा. लोक त्याऐवजी एलडी-लायब्ररी-पाथ प्रोफाइलमध्ये टाकतात. तुमच्या टर्मिनलवर चालतं, रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) मरतं, कारण क्रॉन तुमचं प्रोफाइल वाचत नाही. वर त्या शेलमधून सुरू होणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामांनाही तो पत्ता चिकटतो. तो चाचणीपुरता ठेवा.

कॉन्फिगर संपल्यावर थांबा. वर चढून त्या दोन ओळी शोधा, दोन्हींपुढे ‘येस’ आहे का बघा, मगच मेक. एनेबल-ऑप्टिमायझेशन्स हा पर्याय सेंटओएस ७ च्या जीसीसी ४.८.५ वर देऊ नका. बांधणी मध्येच ‘रनपाय मॉड्यूल इम्पोर्ट होत नाही’ म्हणून आपटते आणि लोक त्याचा दोषही ओपनएसएसएलवर ढकलतात. वेग हवाच असेल तर डेव्हटूलसेटमधला नवा जीसीसी घ्या. शेवटी मेक ऑल्टइन्स्टॉल, म्हणजे पायथन-३ हे नाव कुणाचं बळकावलं जात नाही. आणि युजर-बिनमधलं पायथन हे नाव नव्याकडे वळवू नका, यम त्या नावाखाली २.७ समजून चालतो.

खातरजमा दोन प्रकारे. नव्या पायथनला एसएसएल इम्पोर्ट करून ओपनएसएसएल-व्हर्जन छापायला सांगा, ३.० दिसायला हवं. मग लिब-डायनलोड फोल्डरमधल्या अंडरस्कोर-एसएसएलच्या फाइलवर एलडीडी (कुठली लायब्ररी कुठून येते ते दाखवणारी कमांड) चालवा आणि लिबएसएसएल-डॉट-एसओ-डॉट-३ समोर /ऑप्टचाच पत्ता आहे ना ते डोळ्यांनी बघा. हे रूटच्या शेलमधून नको. ज्या युजरनं सेवा चालणार आहे त्याच्या शेलमधून, एलडी-लायब्ररी-पाथ रिकामा करून बघायचं.

इतकं झालं की बहुतेक जण सर्टिफिकेटांपाशी अडकतात. तुम्ही बांधलेल्या ओपनएसएसएलला जगातली एकही सर्टिफिकेट संस्था माहीत नाही. ते स्वतःच्या घरात सर्ट-डॉट-पेम शोधतं, आणि इन्स्टॉल-एसडब्ल्यूनं ते घर बांधलेलंच नसतं. फोल्डर हातानं करा आणि त्यात सर्ट-डॉट-पेम नावाची लिंक सिस्टिमच्या /ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट-डॉट-पेम कडे टाका. फाइल कॉपी करू नका, लिंकच टाका. याचं कारण मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या ऑफिसात काम केलेल्याला सांगायला नको: फायरवॉल मध्ये बसून सगळं एचटीटीपीएस उघडते आणि स्वतःच्या रूट सर्टिफिकेटनं पुन्हा बंद करते. ते रूट तुम्ही पीकेआयच्या अँकर्स फोल्डरमध्ये टाकून अपडेट-सीए-ट्रस्ट चालवलं, की सिस्टिमचा गठ्ठा बदलतो आणि लिंकेमुळे तुमचं पायथनही आपोआप शहाणं होतं. २४.२ च्या आधीचा पिप आणि रिक्वेस्ट्स ही पायथनची लायब्ररी मात्र स्वतःचा गठ्ठा बाळगतात, त्यांना पिपच्या कॉन्फिगमधून किंवा रिक्वेस्ट्स-सीए-बंडल या व्हेरिएबलमधून वेगळा पत्ता द्यावा लागतो. ट्रस्टेड-होस्ट आणि व्हेरिफाय-फॉल्स ही दोन जादूची बटणं कुणी दाखवली तर हात मागे घ्या. कुलूप लागत नाही म्हणून दार काढून ठेवण्यातला तो प्रकार.

सर्टिफिकेटांचा विषय निघालाच आहे तर ३० सप्टेंबर २०२१ आठवा. त्या दिवशी लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं डीएसटी रूट सीए एक्स-३ हे जुनं रूट मुदतबाह्य झालं. साखळीत नवं, वैध रूटही होतं. १.१.१ नं त्या नव्याची वाट धरली, पण १.०.२ मुदत संपलेल्या रूटच्या मागेच गेलं आणि तिथं अडकलं. साइटी ब्राउझरमध्ये उघडत होत्या आणि सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट मरत होत्या. सेंटओएस ७ वर सीए-सर्टिफिकेट्सच्या अपडेटमधून ते जुनं रूट काढून टाकलं, तेव्हा सुटका झाली. जुन्या लायब्ररीचा त्रास असाच होतो. ती एका दिवसात पडत नाही, तिच्या भोवतालचं जग पुढं जातं.

एक बारीक गोष्ट, जी नंतर चावते. पायथन नवं झालं म्हणून त्यातून जाणारं सगळंच नव्या ओपनएसएसएलमधून जातं असं नाही. पोस्टग्रेसचं सायकॉपीजी सोर्समधून बांधलंत तर ते सिस्टिमच्या लिबपीक्यूला (पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या लायब्ररीला) धरतं, आणि ती लिबपीक्यू जुन्या टाकीवरच आहे. डेटाबेसनं उद्या टीएलएस १.३ ची सक्ती केली तर एचटीटीपीएस चालेल आणि डेटाबेस नाकारेल. बायनरी व्हीलमध्ये, म्हणजे तयार बांधलेल्या पॅकेजमध्ये, स्वतःची लायब्ररी असते, ती घेतली तर हा प्रश्न टळतो.

इतकं वाचून थकला असाल तर आता सांगतो: कदाचित तुम्हाला बांधायची गरजच नाही. यूव्ही हे साधन जी तयार पायथनं उतरवून देतं ती जीलिबसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी) २.१७ पासून चालतील अशा बेतानं बांधलेली असतात आणि ओपनएसएसएल त्यांच्या पोटातच असतं. सेंटओएस ७ चं जीलिबसी नेमकं २.१७. इंटरनेटला जाऊ देणारं मशीन असेल आणि ऑफिसच्या नियमात तयार बायनरी बसत असेल तर मी आधी हेच करून बघेन. तुम्हाला आधी का नाही सांगितलं? कारण बँका आणि बंदराच्या कामात सोर्समधून बांधलेलंच हवं असा आग्रह असतो, आणि शिवाय चार आजार ओळखता आले पाहिजेत.

दुसरा जवळचा रस्ता एपेल या जादा पॅकेजांच्या संग्रहातल्या ओपनएसएसएल-११ चा. ते १.१.१-के आहे, एपेलच्या जुन्या संग्रहात अजून मिळतं. हेडर आणि लायब्ररी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असल्यानं विथ-ओपनएसएसएल तिथं जमत नाही. लोक सेड वापरून कॉन्फिगर फाइलमध्येच पीकेजी-कॉन्फिगला ओपनएसएसएलऐवजी ओपनएसएसएल-११ विचारायला लावतात. दहा मिनिटांत होतं. पण ते १.१.१ आहे, आणि त्याला आता कुणी वाली नाही. आठवड्याभराच्या चाचणीला वापरा.

याच्या उलटा घोळ रूबीवाल्यांचा: सिस्टिम नवी, भाषा जुनी. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे, आणि रूबीला ३.१ पासूनच ते झेपतं. २.७ बांधायला गेलात तर ओपनएसएसएलचं एक्स्टेन्शन फुटतं. उपाय मात्र तोच, शेजारी वेगळी १.१.१ बांधून तिचा पत्ता द्यायचा. रूबी-बिल्ड जुन्या रूबीसाठी हे आपणहून करतं. मॅकवर होमब्रूनं (तिथल्या पॅकेज साधनानं) बसवलेल्या ओपनएसएसएलचाही पत्ता अनेकदा हातानं द्यावा लागतो.

आता जबाबदारी. माळ्यावर स्वतःची टाकी बसवली की ती धुणंही आपल्याकडे आलं. यम तिला कधी हात लावणार नाही. ओपनएसएसएलची सूचना आली की नवी पॅच आवृत्ती त्याच प्रीफिक्सवर बांधून बसवायची आणि पायथन वापरणाऱ्या सेवा पुन्हा सुरू करायच्या. ३.० च्या आतल्या आतल्या बदलासाठी पायथन पुन्हा बांधावं लागत नाही, कारण लायब्ररीचं नाव तेच राहतं. /ऑप्टमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवा: कुणी बांधलं, कधी, टारबॉलचा शा-२५६, आणि कॉन्फिगची ओळ जशीच्या तशी. तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणारा माणूस तुम्हाला शिव्या घालण्याआधी ती वाचेल.

सुरुवात आजच करायची असेल तर काही बसवू नका. फक्त कॉन्फिग-डॉट-लॉगमधल्या ओपनएसएसएलच्या ओळी आणि मेकच्या शेवटच्या वीस ओळी मला पाठवा. एसएसएचचं एक सेशन उघडं ठेवा, आणि गाडीत असाल तर घरी पोचेपर्यंत रूट होऊ नका.